घरच्या हॉट टबचे पाणी: समतोल साधण्याची क्रमवार पद्धत

पोहण्याच्या तलावाची देखभाल येणाऱ्या माणसाला हॉट टब सोपा वाटतो, आणि नेमकी तिथेच त्याची फसगत होते. मध्यम आकाराच्या घरगुती टबात साधारण १,००० ते १,५०० लिटर पाणी मावते. १,२०० लिटरच्या टबात चार जण बसले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३०० लिटर पाणी येते. ५०,००० लिटरच्या तलावात हेच प्रमाण गाठायचे तर एका वेळी दीडशेहून अधिक माणसे उतरवावी लागतील. त्यातून हे पाणी ३७ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते, जेटमधून हवा घेऊन सतत घुसळले जाते आणि उरलेला वेळ झाकणाखाली बंद राहते. घाम, त्वचेवरचे तेल आणि प्रसाधने इतक्या थोड्या पाण्यात उतरली की निर्जंतुक करणारे रसायन काही तासांत खर्ची पडते. म्हणून तलावाचे आठवड्याचे वेळापत्रक येथे चालत नाही, आणि तलावाच्या मापाने औषध टाकणे तर अजिबातच चालत नाही.

या लेखात नवख्या माणसाने पाणी भरण्यापासून ते बदलण्यापर्यंत काय करावे, हे क्रमाने सांगितले आहे. क्रम हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण यातील बहुतेक चुका चुकीच्या रसायनामुळे न होता, योग्य रसायन चुकीच्या वेळी टाकल्यामुळे होतात.

हाताशी काय असावे

पहिली गरज आहे ती पाणी तपासण्याच्या विश्वासार्ह साधनाची. रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या रोजच्या झटपट नजरेसाठी पुरेशा आहेत. मात्र ओल्या बोटांनी पट्टी काढली की डबीतील बाकीच्या पट्ट्याही दमट होऊन निकामी होतात, आणि रंग वाचायला सांगितलेल्या वेळेपेक्षा उशीर केला की आकडा भलताच दिसतो. आठवड्याच्या नीट तपासणीसाठी थेंब मोजण्याचा संच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पट्टीवरच्या हिरव्याच्या दोन छटांमध्ये फरक करत बसण्यापेक्षा, कितव्या थेंबाला नमुन्याचा रंग हिरव्याचा लाल झाला हे मोजणे कितीतरी सोपे असते. त्याशिवाय ग्रॅममध्ये वजन दाखवणारा छोटा काटा, प्लास्टिकची स्वच्छ बादली, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि एक वही लागते. काटा स्वयंपाकघरातील नको, या कामासाठी वेगळा असावा.

टबात नेमके किती लिटर पाणी मावते, हे माहितीपुस्तिकेत पाहून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. पुढची सगळी मापे याच आकड्यावर अवलंबून आहेत.

पाणी भरण्यापूर्वी

टब जुना असो वा दुकानातून नुकताच आलेला, त्याच्या आतल्या नळ्यांमध्ये जिवाणूंचा बुळबुळीत थर असू शकतो, कारण कारखान्यात पाण्यावर चाचणी झाल्यावर थोडा ओलावा आत राहून जातो. हा थर जिवाणूंना क्लोरीनपासून आडोसा देतो. नळ्या साफ करणारे खास द्रावण जुन्या पाण्यात, किंवा टब नवा असेल तर एकदा भरलेल्या पाण्यात, टाकून डब्यावर सांगितलेला वेळ जेट चालवावेत. पृष्ठभागावर तपकिरी फेस आणि चिकट तुकडे तरंगू लागले तर किळस येईल, पण घाण बाहेर पडत असल्याची ती खूण आहे. पाणी सोडण्याआधी टबाचा वीजपुरवठा मुख्य खटक्यावरूनच बंद करावा. कोरडा हीटर चालू राहिला तर जळतो. नवे पाणी शक्यतो गाळणीच्या खाचेतून भरावे, म्हणजे पंपात हवा अडकत नाही.

विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी असेल तर त्यात लोह, तांबे किंवा मँगनीज असण्याची शक्यता धरावी. असे पाणी नळीला लावायच्या गाळणीतून भरावे, किंवा क्लोरीनच्या आधी धातू बांधून ठेवणारे रसायन टाकावे. नाहीतर क्लोरीन पडताच पाणी एकदम हिरवट किंवा चहासारखे होते.

आधी क्षारता, मग पीएच

हा भाग सावकाश वाचावा, कारण नवख्या माणसाचा बहुतेक वैताग येथेच जन्माला येतो.

पीएच, ज्याला शेतीच्या पुस्तकांत सामू म्हणतात, तो पाणी किती आम्ल वा किती अल्कधर्मी आहे हे दाखवतो. टबासाठी ७.२ ते ७.८ ही मर्यादा आणि ७.४ ते ७.६ हा उत्तम पट्टा मानला जातो. ही मोजपट्टी गुणाकाराने चढणारी आहे: ७.२ आणि ८.२ यांत दिसायला एकाचा फरक असला तरी आम्लतेत तो दहापट असतो. क्षारता ही वेगळी गोष्ट आहे. पाण्यात विरघळलेली बायकार्बोनेटे पीएचला एका जागी धरून ठेवतात, आणि त्यांचे प्रमाण म्हणजे एकूण क्षारता. ती पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. ८० ते १२० पीपीएम हा आकडा सर्वत्र छापलेला आढळतो. सतत घुसळल्या जाणाऱ्या टबासाठी मी त्याच्या खालच्या टोकाला, म्हणजे ८०च्या आसपास राहणे पसंत करतो.

क्षारता कमी असेल तर पीएच वाऱ्यावरच्या पिसासारखा वर-खाली होतो. जास्त असेल तर तो सारखा वर चढत राहतो, आणि यामागचे कारण समजले की अर्धे काम झाले. बायकार्बोनेटाबरोबर पाण्यात थोडा कार्बन डायऑक्साइड वायूही विरघळलेला असतो आणि तोच पाण्याला किंचित आम्ल ठेवतो. जेट हवा घुसळू लागले की हा वायू उडून जातो, जसा सोड्याच्या बाटलीतून बुडबुड्यांवाटे जातो, आणि पीएच वर सरकतो. क्षारता जितकी अधिक, तितका हा वायू अधिक आणि पीएचची चढण तितकी उभी.

माझ्या पहिल्या महिन्यात मी नेमका याच चक्रात सापडलो होतो. रोज संध्याकाळी पीएच ८.० दिसे, मी चमचाभर आम्ल टाकी, तो ७.३ वर येई. दुसऱ्या दिवशी पुन्हा ८.०. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता. अखेरीस थेंबांच्या संचाने क्षारता मोजली. त्या संचात एक थेंब म्हणजे १० पीपीएम. बारा, तेरा, चौदा थेंब झाले तरी नमुना हिरवाच राहिला. तो लाल झाला अठराव्या थेंबाला. क्षारता १८० होती आणि मी तिच्याकडे न पाहता नुसत्या पीएचशी झुंजत होतो.

क्षारता उतरवण्याची रीत अशी आहे. सोडियम बायसल्फेट, म्हणजे कोरडे आम्ल, क्षारता आणि पीएच हे दोन्ही खाली आणते. हवेचे बुडबुडे मात्र पीएच तेवढा वर नेतात, क्षारतेला हात लावत नाहीत. म्हणून थोडे आम्ल टाकून पीएच ७.२ पर्यंत आणावा, मग झाकण उघडे ठेवून हवेच्या सगळ्या तोट्या सोडून जेट चालवावेत. पीएच पुन्हा ७.८ पर्यंत चढला, की परत आम्ल. प्रत्येक फेरीत क्षारता थोडी उतरलेली असते. १,००० लिटर पाण्यात १० पीपीएम क्षारता उतरवण्यासाठी सुमारे २४ ग्रॅम बायसल्फेट लागते. १,२०० लिटरच्या टबात १८० वरून ८० वर येण्यासाठी एकूण हिशेब २९० ग्रॅमच्या आसपास जातो. हे सगळे एकदम ओतले तर पीएच पार कोसळेल आणि हीटरचा धातू कुरतडला जाईल. एका वेळी ३० ते ४० ग्रॅम, असे दोन-तीन दिवस घेऊन मी ते काम केले. त्यानंतर पीएच ७.५ च्या आसपास आठवडाभर स्थिर राहिला.

क्षारता वाढवायची असेल तर काम सोपे आहे. साधा खाण्याचा सोडा पुरतो: १,००० लिटरमागे १० पीपीएम वाढवायला सुमारे १७ ग्रॅम. म्हणजे १,२०० लिटरच्या टबात ५० वरून ८० वर जाण्यासाठी साधारण ६० ग्रॅम. बेकिंग पावडर हा वेगळा पदार्थ आहे, त्यात आम्ल आणि पिष्ट मिसळलेले असते, तो चालणार नाही. धुण्याचा सोडा पीएच झपाट्याने वर नेतो, म्हणून तो क्षारता योग्य असूनही पीएच कमी राहिला तरच, आणि अगदी थोडा वापरावा. बहुतेक वेळा अर्धा तास हवा सोडून जेट चालवले तरी तेच काम फुकटात होते.

क्षारता जागेवर आल्यावरच पीएचकडे पाहावे. अनेकदा तोपर्यंत तोही जागेवर आलेला असतो.

कॅल्शियम

पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियमचे प्रमाण, टबासाठी १५० ते २५० पीपीएम असावा. फार मऊ पाणी फेसाळते आणि धातूचे भाग झिजवते. फार कठीण पाण्यातील चुना हीटरवर पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो, कारण कॅल्शियम कार्बोनेट तापलेल्या पाण्यात कमी विरघळते आणि टबातील सर्वांत तापलेली जागा म्हणजे हीटर. पाणी चुना सोडणारे आहे की खाणारे, हे पीएच, क्षारता, कठीणपणा आणि तापमान यांवरून एकत्रित ठरवण्याची पद्धत विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडली, आणि तिच्यावर आधारलेले गणनयंत्र आज मोबाइलवरही मिळते. घरगुती टबासाठी त्यातून येणारा निर्देशांक उणे ०.३ ते अधिक ०.३ यांत राहिला की पुरे.

कठीणपणा वाढवण्यासाठी १,००० लिटरमागे १० पीपीएमला सुमारे १५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड लागते. ते बादलीभर पाण्यात विरघळवताना बादली हाताला गरम लागते. घाबरण्याचे कारण नाही, पण पाणी आधी आणि रसायन नंतर हा नियम येथे विशेष पाळावा. खाण्याचा सोडा आणि हे रसायन यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे. लागोपाठ टाकले तर पाणी दुधासारखे पांढरे होते, आणि तो चुना गाळणीत जाऊन बसतो. कठीणपणा कमी करणारे सोयीचे औषध नाही; थोडे पाणी काढून त्याजागी मऊ पाणी भरणे एवढाच व्यवहार्य उपाय आहे.

निर्जंतुक करणे

आता क्लोरीन. ते शेवटी येते, कारण त्याची ताकद पीएचवर ठरते. पाण्यात गेलेले क्लोरीन दोन रूपांत विभागले जाते, आणि जंतू मारण्याचे बहुतेक काम त्यातले हायपोक्लोरस आम्ल करते. पीएच ७.२ असताना सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन या कामाच्या रूपात असते, ७.५ ला निम्मे आणि ८.० ला जेमतेम पाव. पट्टीवरचा क्लोरीनचा आकडा तिन्ही वेळा तोच दिसेल, हे विशेष.

अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी हॉट टबसाठी किमान ३ पीपीएम मुक्त क्लोरीन, किंवा ४ ते ८ पीपीएम ब्रोमिन सांगते. ही काटेकोरी उगाच नाही. लीजनेला हा जिवाणू कोमट पाण्यात वाढतो आणि बुडबुड्यांबरोबर उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून फुप्फुसात शिरतो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथील फुलांच्या प्रदर्शनात मांडलेल्या टबामुळे लीजनेलाची जी साथ पसरली, तिच्यात तीसहून अधिक लोक दगावले. तो टब नुसता दाखवण्यासाठी मांडला होता आणि लोक त्याच्या जवळून चालत गेले होते. दुसरा जिवाणू स्यूडोमोनास. तो सहसा जीव घेत नाही, पण आंघोळीचे कपडे अंगाला चिकटून राहतात तिथे खाज सुटणारे लाल पुरळ उठवतो.

क्लोरीनचे प्रकार निवडताना एक गोष्ट जाणून घ्यावी. डायक्लोर नावाची भुकटी वापरायला सोपी आहे: १,२०० लिटरमध्ये १० ग्रॅम टाकली की साडेचार पीपीएमपेक्षा थोडे जास्त क्लोरीन मिळते. पण तिच्यातून दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ९ पीपीएम सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते, आणि ते उडत नाही, साचत जाते. उघड्या तलावात ते उन्हापासून क्लोरीनला वाचवते; झाकलेल्या टबात त्याचा उपयोग नाही, उलट ते क्लोरीनचा वेग मंदावते. रोज ३ पीपीएमच्या हिशेबाने पंधरा दिवसांत ते ४० च्या घरात पोहोचते. सीडीसी हे आम्ल असलेले क्लोरीन हॉट टबमध्ये वापरूच नये असे सांगते. माझाही कल सुगंध आणि दाटपणा न घातलेल्या साध्या द्रवरूप क्लोरीनकडे आहे, जरी त्याची बाटली लवकर शिळी होते. ५ टक्क्यांच्या द्रवाचे सुमारे २४ मिलिलिटर १,२०० लिटरमध्ये १ पीपीएम देतात. तलावासाठीच्या ट्रायक्लोरच्या वड्या मात्र टबात कधीही टाकू नयेत. त्या अतिशय आम्ल असतात आणि जिथे पडतात तिथला पृष्ठभाग खराब करतात.

ब्रोमिन हाही चांगला पर्याय आहे. त्याला वास कमी येतो, आणि घामाशी संयोग झाल्यावरही ते बऱ्यापैकी काम करत राहते. ज्यांना क्लोरीन त्वचेला सोसत नाही, ते ब्रोमिनकडे वळतात, पण ब्रोमिनही काहींना सोसत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

‘क्लोरीनचा फार वास येतोय, म्हणजे जास्त झाले’ हा समज उलटा आहे. तो उग्र वास क्लोरामाइनचा, म्हणजे घामातील नत्रयुक्त पदार्थांशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो. एकूण क्लोरीनमधून मुक्त क्लोरीन वजा केले की हा बांधलेला भाग कळतो. तो ०.५ पीपीएमच्या वर गेला तर त्याच्या दहापट क्लोरीन एकदम टाकून, झाकण उघडे ठेवून तो जाळून टाकावा लागतो. त्यानंतर मुक्त क्लोरीन नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत टबात उतरू नये.

येथे तपासणीतला एक फसवा खड्डा आहे. क्लोरीन अतिशय जास्त असेल तर डीपीडीची, म्हणजे क्लोरीन तपासणाऱ्या रसायनाची, गुलाबी छटा क्षणभर उमटून लगेच उडते, नमुना पाण्यासारखा स्वच्छ दिसतो आणि माणूस ‘क्लोरीन शून्य’ समजून आणखी टाकतो. नमुना ढवळताना गुलाबी झुळूक दिसून विरली, तर टबाचे पाणी निम्मे किंवा पाव घेऊन उरलेल्या भागात साधे पाणी घालावे, पुन्हा तपासावे आणि आलेल्या आकड्याला दोनाने किंवा चाराने गुणावे. अशाच जास्त क्लोरीनमध्ये पीएचचा नमुना लालऐवजी जांभळा दिसतो. त्या वेळच्या पीएचच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

टाकण्याची शिस्त

नमुना पृष्ठभागावरून घेऊ नये, कोपरभर खोल हात घालून, जेटपासून दूर घ्यावा. रसायन एका वेळी एकच टाकावे, पंप चालू असताना टाकावे, आणि पंधरा-वीस मिनिटे झाकण उघडे ठेवावे; कोंडलेली वाफ झाकणाचे अस्तर आणि उशा खाऊन टाकते. हिशेबाने आलेल्या मापाचे आधी निम्मे टाकून काही तासांनी पुन्हा मोजावे, कारण आणखी टाकता येते, टाकलेले काढता येत नाही. पाण्यात रसायन घालावे, रसायनावर पाणी कधीही ओतू नये. आम्ल आणि क्लोरीन यांचा एकमेकांशी संपर्क झाला तर विषारी वायू निघतो, आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट व डायक्लोर या क्लोरीनच्या दोन भुकट्या कोरड्या असतानाही मिसळल्या तर पेट घेऊ शकतात. म्हणून प्रत्येकाचा चमचा वेगळा, कोरडा आणि डब्यातच ठेवावा.

रोजचे आणि आठवड्याचे काम

टबात उतरण्यापूर्वी क्लोरीन आणि पीएच पट्टीने पाहावे, आणि बाहेर आल्यावर लगेच क्लोरीन टाकावे. सकाळवर ढकलू नये. रात्रभरात क्लोरीन शून्यावर गेले की पहाटेपर्यंत जिवाणूंचे फावते. वापर नसला तरी दर एक-दोन दिवसांनी मोजावे. आठवड्यातून एकदा थेंबांनी क्षारता मोजावी आणि गाळणी काढून तिच्या घड्यांमध्ये वरून खाली पाण्याची धार मारावी. महिन्यातून एकदा ती गाळणीसाठीच्या द्रावणात रात्रभर भिजवावी. जवळ दुसरी गाळणी असली तर टब बंद ठेवावा लागत नाही.

फेस आला तर फेस मारणारे औषध शोधण्याआधी कपड्यांचा संशय घ्यावा. धुण्याच्या पावडरीचा अंश कपड्यांत राहतो आणि जेट त्याचा साबणासारखा फेस करतात. टबाचे कपडे नुसत्या पाण्यात खळबळून वाळवावेत आणि उतरण्यापूर्वी साबणाविना अंघोळ करावी. पाणी गढूळ झाले तर आधी क्लोरीन, मग पीएच, मग गाळणी या क्रमाने पाहावे.

पाणी बदलण्याचा दिवस

कितीही काळजी घेतली तरी विरघळलेले क्षार साचत जातात आणि एक वेळ अशी येते की क्लोरीन टाकूनही पाण्याला तजेला येत नाही. त्यासाठी एक जुना ढोबळ हिशेब आहे: टबातील लिटरच्या आकड्याला साधारण ११ ने भागावे आणि आलेल्या उत्तराला रोज उतरणाऱ्या माणसांच्या सरासरी संख्येने भागावे. १,२०० लिटरच्या टबात रोज दोघे उतरत असतील, तर पंचावन्न दिवसांच्या आसपास पाणी बदलावे लागते. वापर अगदी कमी असला तरी तीन-चार महिन्यांपलीकडे ते नेऊ नये. रिकाम्या करायच्या पाण्यातील क्लोरीन आधी उतरू द्यावे, म्हणजे झाकण काढून दोन-तीन दिवस काहीही न टाकता ठेवावे, आणि पट्टीवर शून्य दिसल्यावरच ते सोडावे. झाडांच्या मुळाशी किंवा ओढ्या-तळ्यात क्लोरीनचे पाणी जाता कामा नये. नळ्या साफ करणारे द्रावण त्यात घातले असेल, तर ते शून्य क्लोरीनचे पाणीही झाडांना न देता सांडपाण्याच्या वाटेनेच जाऊ द्यावे. नवे पाणी भरल्यावर तारीख, क्षारता, पीएच आणि कठीणपणा यांचे पहिले आकडे वहीत नव्या पानावर लिहावेत.